क ला काना

पक्षाघातानंतर केतकीनं पहिल्यांदा स्वतःच्या मनानं काही लिहिलं, ते चुकीचं जपानी होतं. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं, आणि माझ्याही लक्षात यायला वेळच लागला.

केतकी म्हणजे माझी बायको, जपानी भाषांतरकार. चाकणच्या कारखान्यांत येणारी जपानी यंत्रं कशी चालवायची, कुठं बोट घालायचं नाही, हे तिथल्या कामगारांना तिच्या मराठीमुळे कळायचं. भाषेच्या बाबतीत बाई फार सोवळ्यातली. हॉटेलात मेनूकार्डावरचं शुद्धलेखन मनातल्या मनात सुधारल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. मनातल्या मनात म्हणजे मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

गेल्या वर्षी एका सकाळी ओट्यापाशी उभी असताना ती खाली बसली आणि परत उठली नाही. मेंदू जिथं मानेत उतरतो, त्या देठात रक्ताची गुठळी अडकली होती. हात, पाय, जीभ, डोळे, कशावरच ताबा उरला नाही. पापण्या मिटायच्या, पण त्या आपोआप. श्वास यंत्रावर चालू. आतली केतकी मात्र शाबूत आहे, असं तिच्या डॉक्टर रुबिना मुजावर पहिल्यापासून सांगत होत्या. आमच्याच कंपनीचं यंत्र लावून त्यांनी ते सिद्धही केलं.

यंत्राचं नाव फुदे, म्हणजे जपानीत कुंचला. माणूस लिहितो तेव्हा बोटं हलण्याआधी मेंदूतल्या हात हलवणाऱ्या पेशी एका ठरावीक क्रमानं जाग्या होतात. हात लुळा पडला तरी 'मी लिहितोय' असं मनात आणलं की त्या पेशी तशाच, त्याच क्रमानं जाग्या होतात. कवटीखाली नखाएवढी जाळी बसवली की ती हे संकेत टिपते, आणि बोट कागदावर कसं फिरलं असतं ते काढता येतं. आधी रेघा मिळतात, रेघांवरून अक्षर ओळखायचं. यंत्र योकोहामाचं, त्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर सी भाषेत, आणि ते सांभाळतो आम्ही हिंजवडीत. सी ही भाषा माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी थोरली. ती आता मरेल, मग मरेल असं म्हणत सगळं जग अजून तिच्याच जिवावर चालतं, आणि माझं घरही.

मराठीतलं फुदे अजून तयार नव्हतं, जोडाक्षरांपाशी अडलं होतं. शिवाय शाळा सुटल्यावर केतकीनं मराठी हातानं फारसं लिहिलंच कुठं होतं? जपानी मात्र ती रोज सकाळी चहाआधी कुंचल्यानं गिरवायची. तिच्या हाताला मराठीपेक्षा जपानी जास्त पाठ होतं. म्हणून तिला जपानी यंत्र बसवलं. चाचणीतल्या सगळ्या रुग्णांत ती एकटीच बिगरजपानी होती.

सुरुवातीला सांगितलेली अक्षरं तिनं गिरवून दाखवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग संकेत क्षीण होत गेले, कारण जाळीभोवती जखमेची खपली धरायला लागली होती. डॉक्टर मुजावरांनी दुसरी शस्त्रक्रिया सुचवली. पहिली जाळी काढून मोठी जाळी बसवायची, लिहिण्याच्या नव्हे तर बोलण्याच्या जागेवर. जमलं तर केतकी यंत्राच्या आवाजात सरळ बोलू शकेल. नाही जमलं तर ती टेबलावरच जाण्याची शक्यताही कमी नव्हती, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. आणि नियम असा होता की जो रुग्ण लिहू शकतो त्याची संमती दुसऱ्या कुणी द्यायची नाही.

तेव्हा एका दुपारी आम्ही सगळे तिच्या पलंगाभोवती उभे राहिलो. डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं आणि मराठीतच विचारलं की तुमची तयारी आहे का. बराच वेळ पडदा कोरा राहिला. मग एक अक्षर उमटलं, मग आणखी एक, आणि संकेत संपले. 力一. यंत्रातली जपानी बाई म्हणाली, "चिकारा. इची." खाली मराठी अर्थ आला: शक्ती, एक.

शाल्मली, माझी मुलगी, रडायलाच लागली. आई म्हणतेय एकदा पुरती ताकद लावू या, असा तिनं अर्थ लावला आणि तो सगळ्यांना पटला. पटण्यासारखाच होता. डॉक्टरांनी माझ्याकडेही बघितलं, कारण मलाही कामापुरतं जपानी येतं. मी मान डोलावली. शस्त्रक्रिया पुढच्या मंगळवारी ठरली. संध्याकाळपर्यंत ती दोन अक्षरं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचली, आणि ज्यांना जपानी सोडाच, केतकीचं आडनावही धड माहीत नव्हतं त्यांनी ती आपापल्या फोटोच्या जागी लावली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगायचं तर केतकी पडली त्या दिवसापासून मला काहीच होत नव्हतं. दात काढण्याआधी सुई देतात, मग आत ठोकाठोक चाललेली कळते पण दुखत नाही, तसं माझं सगळंच चाललं होतं. भूक लागली की जेवायचो. कुणी रडलं की त्याला पाणी द्यायचो. लोक म्हणायचे, फणसे किती खंबीर आहेत. शाल्मली असं कधी म्हणाली नाही, ती नुसती माझ्याकडे बघायची.

दुसऱ्या दिवशी कामावर बसलो असताना मनात आलं की केतकी असं लिहिणार नाही. 'शक्ती एक' हे जपानी नव्हे. कुणी पाहुणा तीन महिन्यांत शिकून लिहील तसलं ते. मरायला टेकलेली असली तरी केतकी त्यात प्रत्यय घालेल, क्रियापद घालेल, नाहीतर लिहिणारच नाही. मी तिच्या कच्च्या रेघा उघडल्या.

इथं थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल. जपानी लोक एकाच वाक्यात तीन लिप्या वापरतात. कांजी म्हणजे चित्रासारखी अर्थाची अक्षरं. हिरागाना आणि काताकाना या आपल्यासारख्या उच्चाराच्या लिप्या, दोघींना मिळून काना म्हणतात. संगणकात प्रत्येक अक्षराला एक संख्या असते आणि प्रत्येक लिपीच्या संख्यांचा पट्टा वेगळा, त्यामुळे टाइप केलेलं अक्षर कुठल्या लिपीचं हे सांगणारं सीमधलं फंक्शन शाळेतलं पोरही लिहील. संख्या या पट्ट्यात आहे का? असेल तर काना. त्या पट्ट्यात आहे का? मग कांजी. पण फुदेला संख्या मिळत नाही, रेघा मिळतात. आणि काही अक्षरं रेघांनी अगदी एकसारखी आहेत. शक्ती या अर्थाचं कांजी 力 आणि 'क' या उच्चाराचं काताकाना カ, दोन्हींत रेघा त्याच, क्रम तोच. एक या अर्थाचं कांजी म्हणजे नुसती आडवी रेघ. काताकानात स्वर लांबवायची खूण, तीही नुसती आडवी रेघ.

मग ठरवायचं कसं? शेजाऱ्यावरून. आमचं फंक्शन आधीच्या अक्षराकडे बघतं. आधीचं काना असेल तर हेही काना. ओळीचं पहिलंच अक्षर असेल, आधी कुणीच नसेल, तर कांजी धरायचं. मग पुढची आडवी रेघ आपल्या शेजाऱ्याकडे बघते, तो कांजी ठरलेला असतो, म्हणून तीही कांजी ठरते आणि 'एक' होते. एक साक्षीदार फिरला की दुसरा फिरणारच. जपानी म्हाताऱ्यांच्या हजारो नमुन्यांवर हा नियम बरोबर ठरला होता, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

पडद्यावर रेघा नुसत्या रेघा म्हणून दिसत होत्या. मी त्या कितीतरी वेळ बघत बसलो, आणि मग वाचल्या.

लग्न झाल्यावर आम्ही कोथरूडला दोन खोल्यांत माझ्या आईबरोबर राहायचो. आईला घरातला कुठलाही कागद वाचायची सवय होती आणि त्यात तिला काही गैर वाटत नसे. केतकी डब्याच्या झाकणावर मला चिठ्ठ्या चिकटवायची. त्या आईनं वाचू नयेत म्हणून तिनं मराठी काताकानात लिहायला सुरुवात केली. जपानीत परक्या भाषेतले शब्द याच लिपीत लिहितात, आणि केतकी म्हणायची, जपान्यांना मराठी परकीच ना. 'आज बाहेर जेवू, पोट बिघडलंय म्हणून सांग' असलं काहीतरी त्यात असायचं. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, सून स्वयंपाक करतानाही अभ्यास करते. आई गेली, घर मोठं झालं, चिठ्ठ्या चालूच राहिल्या. शाल्मलीला ती लिपी आम्ही कधी शिकवली नाही. ती जर्मन शिकली.

मी लिहिताना ती लांबवायची रेघ गाळायचो. केतकी माझ्याच चिठ्ठीवर लाल पेनानं रेघा ओढून ती परत माझ्या डब्यावर लावायची. क ला काना दिला नाहीस तर तो नुसता क राहणार, असं तिचं म्हणणं.

पडद्यावर क होता आणि पुढे आडवी रेघ. क ला काना. का.

तिला विचारलं होतं, तुमची तयारी आहे का? आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ गोळा करून तिनं उलट विचारलं होतं, का? ती 'हो' म्हणाली नव्हती. 'नाही'ही म्हणाली नव्हती. तिनं कारण विचारलं होतं, आणि ते जगात फक्त मला वाचता येत होतं.

मला तेव्हाही काही वाटलं नाही. मी उठून कॅन्टीनमध्ये गेलो, उपमा खाल्ला. घरी गेल्यावर शाल्मलीला सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. ती आईच्या खोलीत लावायच्या पडद्यांचा रंग विचारत होती, मी निळा म्हणालो. पुढच्या दिवशीही सांगितलं नाही. गप्प बसलं की सगळं आपोआप मंगळवारपर्यंत जाणार होतं, आणि मला कुणी काही विचारणार नव्हतं. ते बरं वाटत होतं असंही नाही, फक्त त्याला काही कष्ट पडत नव्हते.

सवयीनं मी एवढंच केलं की फंक्शन दुरुस्त केलं. जिथं शेजारी नसेल आणि रेघा दोन्हीकडे लागत असतील, तिथं अंदाज करायचा नाही, दोन्ही वाचनं दाखवायची आणि आवाज बंद ठेवायचा. कोडच्या चारदोन ओळी. नेहमीप्रमाणे तपासायला योकोहामाला हामागुचींकडे पाठवल्या. हामागुची म्हणजे मूळ नियम बसवणारे गृहस्थ, निवृत्तीला आलेले, चूक दाखवतानासुद्धा आधी आपणच माफी मागणारे. त्यांनी दुरुस्ती नाकारली आणि कारण सांगायला स्वतः फोन केला. त्यांचं म्हणणं होतं की तसं वाचलं तर त्या दोन अक्षरांचा जपानीत अर्थ होतो मोटारगाडी. अंथरुणाला खिळलेला माणूस एवढे कष्ट घेऊन मोटारगाडी असं कशाला लिहील? कुठलाही जपानी रुग्ण असं लिहिणार नाही.

"माझी बायको जपानी नाही," मी म्हणालो.

ती चाचणीत आहे हे त्यांना माहीत होतं, पण नमुना तिचा आहे हे मी लिहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मग तिनं काय लिहिलं आहे? मी पहिल्यांदाच ते मोठ्यानं बोललो. का. तुमच्या भाषेत, नाझे.

हामागुची मला बोल लावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आणि तिला उत्तर दिलंत?"

मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग ती अजून वाट बघत असेल. त्यांनी फोन चालू असतानाच दुरुस्ती मंजूर केली आणि माफी मागून फोन ठेवला.

मी तडक हॉस्पिटलात गेलो. शाल्मली कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती. तिला सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांपासून फंक्शनपर्यंत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, हे तुला कधी कळलं? मी खरं ते सांगितलं. ती बाकावर जरा लांब सरकून बसली. मला वाटलं ती म्हणेल, तुला आई मरायला हवीय. तिला तसं म्हणायचं होतं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"का विचारणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे," ती शेवटी म्हणाली. "माझं कारण मी तिला रोज सांगते. तिनं तुला विचारलंय बाबा. तुमच्या दोघांच्या लिपीत विचारलंय. तू सांग."

डॉक्टर मुजावर मात्र चिडल्या, आणि त्यांचा तो अधिकारच होता. संमती समजून त्यांनी सगळी तयारी केली होती. पण त्यांनी मंगळवार रद्द केला नाही. सोमवारी यंत्रात नवं फंक्शन घालून केतकीला पुन्हा विचारायचं ठरलं. संकेत इतके क्षीण झाले होते की आणखी एकदाच लिहून होईल, त्याचीही खात्री देत नाही, असं त्या म्हणाल्या.

सोमवारी मेट्रोत मी बोलायचं ते जुळवत होतो. तू बरी होशील, आपण जपानला जाऊ, तुझ्या वेलींच्या कुंड्या मी जपल्यात. सगळं खोटं नव्हतं, कुंड्या खरंच जपल्या होत्या. पण पलंगापाशी उभा राहिलो आणि वाटलं, ही बाई एकेका काना-मात्रेवर अडायची, तिला असलं गुळमुळीत उत्तर चालणार नाही.

"केतकी," मी म्हणालो, "तू का विचारलंस ते मला कळलं. कळून काही दिवस झाले, मी गप्प बसलो. माझं कारण चांगलं नाही. तू पडल्यापासून मला काहीच वाटत नाही गं. कशाचंच. तू बोललीस, नुसती भांडलीस तरी मी माणसात येईन असं वाटतं. त्यासाठी तुला टेबलावर घालायचं. यात तुझं भलं आहे का ते मला ठाऊक नाही. नाही म्हणालीस तरी चालेल."

शाल्मली माझ्या मागे उभी होती. डॉक्टरांनी हळू आवाजात प्रश्न पुन्हा विचारला. पडदा कोराच होता. मला वाटलं संपलं, आता काही येत नाही. मग एक आडवी रेघ उमटली. तिला छेदून एक उभी. दोन्ही अंगांना दोन छोट्या तिरक्या रेघा, एक डावीकडे, एक उजवीकडे. बराच वेळ काही नाही. मग शेवटी, वाकडीतिकडी, पण टोकापर्यंत ओढलेली, एक आडवी रेघ.

यंत्र बोललं नाही. नव्या नियमाप्रमाणे त्यानं दोन ओळी दाखवल्या. पहिल्या ओळीत 木一, खाली अर्थ: झाड, एक. दुसऱ्या ओळीत ホー, खाली: अर्थ सापडला नाही.

"फणसे," डॉक्टर म्हणाल्या, "काय लिहिलंय?"

काताकानातला हो, आणि पुढे लांबवायची रेघ; खोलीत ते वाचू शकणारा मी एकटाच होतो. झाड म्हटलं असतं तर डॉक्टरांनी मान हलवली असती, संकेत बिघडलेत म्हणाल्या असत्या आणि मंगळवार टळला असता. केतकी आहे तशीच, यंत्रावर श्वास घेत का होईना, माझ्यासमोर राहिली असती. हे डोक्यात आलं. मला तिच्या जाण्याची भीती वाटत होती, सरळ, साधी, लहान मुलाला वाटते तसली. ती पडल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी वाटत होतं. ज्याच्यासाठी तिनं एवढं कबूल केलं होतं, ते मला आत्ताच, फुकटात मिळालं होतं, आणि तिला ते माहीत नव्हतं.

"बाबा, सांग ना," शाल्मली म्हणाली.

केतकीचे डोळे छताकडे होते. तिला सगळं ऐकू येत होतं.

"हो म्हणतेय," मी म्हणालो.